पायांची खबर, घराण्याची खबर



पायांत मुंग्या येतात, रात्री तळवे जळतात, चप्पल पायातून निसटते आणि चार पावले पुढे गेल्यावर कळते. आपल्या घरांत अशा तक्रारीचे उत्तर ठरलेले असते : ‘शुगर वाढली असेल’, नाहीतर ‘आता वय झाले’. बरेचदा त्यात तथ्यही असते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार आपल्या देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. मधुमेह झालेल्यांपैकी जवळपास निम्म्या लोकांच्या नसांना कधी ना कधी इजा पोहोचते. पण ‘शुगर’ म्हणून आपण थांबलो तर एक साधा प्रश्न विचारायचा राहून जातो : घराण्यात आणखी कुणाचे पाय असे होते का?

आमच्या घरात हा प्रश्न एका डॉक्टरांनी विचारला आणि तीन पिढ्यांचे पाय एका कागदावर आले. त्या कागदाने आमच्या घरात बरेच काही बदलले, म्हणून या महिन्याचा स्तंभ त्यासाठी.

नस आणि तिचे आवरण

‘नस’ हा शब्द आपण रक्तवाहिनीलाही वापरतो आणि संवेदना वाहून नेणाऱ्या चेतातंतूंनाही. इथे आपण दुसऱ्या अर्थाने बोलत आहोत. पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूतून निघून हातापायांच्या बोटांपर्यंत जाणाऱ्या नसा दोन कामे करतात. तळव्याखाली खडा आहे की गालिचा, ही खबर वर नेतात आणि ‘पाऊल उचल’ हा हुकूम खाली आणतात. या नसांना इजा झाली की जे दुखणे होते त्याला डॉक्टर ‘पेरिफेरल न्यूरोपथी’ म्हणतात.

वर्गात हा भाग शिकवताना आम्ही विजेच्या वायरचे उदाहरण देतो. आत तांब्याची तार असते, वरून प्लास्टिकचे आवरण असते. नसेतही आत तंतू असतो आणि त्याच्यावर मायलिन नावाचे आवरण. आवरण शाबूत असेल तर खबर वेगाने धावते, ते बिघडले तर रेंगाळते. काही आजार आतली तार खराब करतात, काही आवरण. हा फरक ध्यानात ठेवावा, पुढे लागणार आहे.

पायाच्या बोटांपर्यंत जाणारे तंतू शरीरातले सगळ्यात लांब. कमरेपासून अंगठ्यापर्यंत जवळजवळ एक मीटर. लांब रस्ता आधी खचतो, म्हणून त्रास बहुधा बोटांपासून सुरू होतो आणि मोजा चढवावा तसा वर सरकतो. तो गुडघ्याच्या आसपास पोहोचेपर्यंत हातांच्या बोटांतही मुंग्या सुरू झालेल्या असतात. आधी जळजळ, टोचणे, मुंग्या आणि मग बधिरपणा, असाही क्रम अनेकांत दिसतो. जळजळ थांबली की माणसाला वाटते, अल्हम्दुलिल्लाह, बरे झालो. प्रत्यक्षात कधी कधी पायाने खबर देणेच बंद केलेले असते. बधिर पाय दुखत नाही, म्हणूनच त्याला जास्त जपावे लागते.

आमच्या घरातला कागद

अब्बांनी सोलापुरात तीस वर्षे यंत्रमागावर उभे राहून काम केले. साठीनंतर शुगर निघाली, पाठोपाठ तळवे जळू लागले. सर्वांनी दोन्ही गोष्टींची सांगड घातली, आणि ती सांगड अगदीच चुकीची नव्हती. शुगर खरोखरच होती. पण शुगर आटोक्यात आली तरी पायांचा अशक्तपणा वाढतच गेला. पावले पुढून लोंबू लागली, पायऱ्या चढताना चप्पल अडकू लागली, आणि फरशीवर चालताना फट् फट् असा आवाज येऊ लागला.

न्यूरोलॉजिस्टकडे, म्हणजे नसांच्या डॉक्टरांकडे गेलो तेव्हा त्यांनी आधी रिपोर्ट पाहिले नाहीत. अब्बांना मोजे काढायला सांगितले. पावलांची कमान खूप उंच, बोटे वर उचलून वाकलेली, पोटऱ्या खालच्या बाजूला काठीसारख्या बारीक. त्यांनी विचारले, “हे पाय शुगरच्या आधीपासून असेच आहेत का?” अब्बा म्हणाले, “लहानपणापासून. माझ्या बहिणीचेही असेच. घराण्याची ठेवण आहे, साहेब.”

डॉक्टरांची नजर सोबत आलेल्या भाईजानच्या सँडलवर गेली. दोन्ही सँडल बाहेरच्या कडेने झिजलेले. भाईजानचे वय तेव्हा सत्तेचाळीस, शुगर नाही. त्यांना टाचांवर चार पावले चालून दाखवायला सांगितले. एकही पाऊल पडले नाही. मग आमची पाळी आली. आम्ही टाचांवर चाललो खरे, पण भिंतीला हात लावून. कमान आमचीही उंचच आहे आणि लिहिता लिहिता खडू बोटांतून निसटणे ही वर्गातल्या मुलांच्या ओळखीची गोष्ट आहे.

डॉक्टरांनी केसपेपरच्या मागे झाड काढले. वर दादाजान, खाली अब्बा, फुफी आणि चाचा, त्यांच्याखाली आम्ही सगळे. ज्यांचे पाय असे त्यांच्यावर खूण. दादाजान काठी घेऊन चालत, फुफी चाळिशीतच काठी घेऊ लागल्या, चाचा ठणठणीत. प्रत्येक पिढीत खूण होती, पुरुषांवरही आणि स्त्रियांवरही.

मग नसांच्या वेगाची तपासणी झाली. कातडीवरून विजेचा बारीक झटका देतात आणि नसेतून तो किती वेगाने जातो ते मोजतात. निरोगी माणसाच्या हाताच्या नसेत हा वेग सेकंदाला साधारण ५० मीटर किंवा त्याहून जास्त असतो. भाईजानचा निघाला २२. अब्बांचाही जवळपास तितकाच. डॉक्टर म्हणाले, “नुसत्या मधुमेहाने वेग इतका खाली येत नाही. हे आवरणाचे दुखणे आहे आणि ते जन्मापासून सोबत आहे. शुगरने त्यावर भर घातली.” पुढे रक्ताची जनुकीय तपासणी झाली आणि आजाराला नाव मिळाले : शार्को-मारी-टूथ, थोडक्यात सीएमटी.

तीन डॉक्टरांच्या नावाचा आजार

हे तीन डॉक्टरांचे आडनाव आहे. पॅरिसचे जाँ-मार्तँ शार्को आणि त्यांचे शिष्य पिएर मारी, आणि इंग्लंडचे हॉवर्ड हेन्री टूथ. १८८६ साली दोन देशांत त्यांनी हेच दुखणे वेगवेगळे नोंदवले. पायांचे स्नायू आधी बारीक होतात, मग हातांचे, आणि एका घरात अनेकांना हा त्रास असतो, हे तेव्हाच लक्षात आले होते. सुमारे २,५०० माणसांत एकाला हा आजार असतो असा अंदाज सर्वत्र सांगितला जातो. म्हणजे तो ऐकण्यात नसला तरी तितका दुर्मीळ नाही.

त्याचे मूळ सापडायला आणखी शंभर वर्षे लागली. १९९१ साली कळले की सतराव्या गुणसूत्राच्या एका लहान तुकड्याची एक प्रत जास्त झाल्याने याचा सर्वात आढळणारा प्रकार होतो. त्या तुकड्यात मायलिनच्या आवरणातले एक प्रथिन बनवणारे जनुक असते. सालनात मीठ जास्त झाले की सगळे बिघडते, तसे इथे प्रथिन जास्त झाले की आवरण बिघडते. याच्या उलट, तोच तुकडा एका बाजूला मुळीच नसेल तर दुसरे दुखणे होते. त्यात नसा एरवी चालतात, पण जरा दाब पडला की बधिर होतात. मांडी घालून बराच वेळ बसले, उकिडवे बसून शेतात खुरपणी केली, कोपर टेकून झोप लागली, की पाऊल किंवा हात काही दिवस, काही आठवडे लुळा पडतो. अशा माणसाला घरचे ‘नाजूक’ म्हणतात. तो नाजूक नसतो, त्याच्या नसांची बांधणी वेगळी असते.

१९९१ चा शोध लावणाऱ्यांत अमेरिकेतील ह्यूस्टनचे जनुकशास्त्रज्ञ जेम्स लुप्स्की होते. त्यांना स्वतःला सीएमटी होता. पण त्यांनी शोधलेला दोष त्यांच्या स्वतःच्या रक्तात नव्हता! पुढे त्यांच्या पूर्ण जनुकसंचाची तपासणी झाली आणि २०१० साली उत्तर मिळाले. दुसऱ्याच एका जनुकाच्या त्यांच्या दोन्ही प्रतींत दोष होता, एक वडिलांकडून आलेला, एक आईकडून. आई-वडिलांना हा आजार नव्हता. मात्र घरातल्या ज्या लोकांकडे यातला एकच दोष होता, त्यांच्यातही मनगटाची नस दबण्यासारख्या बारीक खुणा तपासणीत दिसल्या.

आमच्या मते या शोधातला सर्वात उपयोगी धडा हा शेवटचा आहे. वारसा म्हणजे आजार ‘आहे’ किंवा ‘नाही’ इतके सरळ नसते. कधी वारशाने पूर्ण आजार येतो, कधी फक्त कच्ची जागा येते, आणि त्या कच्च्या जागेवर शुगर, एखादे औषध किंवा जीवनसत्त्वाची कमतरता येऊन बसते.

भर घालणाऱ्या गोष्टी

म्हणून वारसा सापडला तरी बाकीची कारणे तपासायची सोडू नयेत. वारसा बदलता येत नाही, ही कारणे बदलता येतात.

पहिले बी-१२ जीवनसत्त्व. ‘आम्ही गोश्त खाणारे, आम्हाला बी-१२ कमी कसे पडेल?’ हे आम्ही अनेकदा ऐकतो. हे जीवनसत्त्व मांस, मासे, अंडी, दूध यांतून मिळते हे खरे. पण मिळणे वेगळे आणि अंगी लागणे वेगळे. मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत आणि पित्ताच्या गोळ्या रोज घेणाऱ्यांत ते कमी पडू शकते. काहींच्या पोटात ते शोषलेच जात नाही. साध्या रक्ततपासणीत कळते. मेटफॉर्मिन मनाने बंद मात्र करू नये. डॉक्टरांना तपासणीबद्दल विचारावे.

दुसऱ्या ‘नसांच्या गोळ्या’. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने महिनोन्महिने घेतलेल्या अनेक गोळ्यांत बी-६ असते. ते कमी पडले तर नसांना त्रास होतो आणि फार जास्त झाले तरी होतो. डॉक्टरांनी जितके दिवस सांगितले तितकेच दिवस घ्यावे.

तिसरी इतर आजारांची औषधे. क्षयरोगावरच्या आयसोनियाझिडने काहींच्या पायांत मुंग्या येतात, म्हणून सोबत बी-६ देतात. इथेही वारसा डोकावतो. काहींचे यकृत जन्मतःच हे औषध हळू निकाली काढते आणि त्यांना हा त्रास अधिक संभवतो. रक्ताच्या कॅन्सरमध्ये दिले जाणारे विनक्रिस्टिन तर सीएमटी असणाऱ्याचे पाय काही आठवड्यांत निकामी करू शकते. घराण्यात असे पाय असतील तर कोणत्याही मोठ्या इलाजाआधी डॉक्टरांना ते सांगावे. हे एक वाक्य पुढचे मोठे नुकसान टाळू शकते.

चौथी गोष्ट कुष्ठरोग. जगात दरवर्षी सापडणाऱ्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आपल्या देशात असतात, आणि तो नसांवरच हल्ला करतो. अंगावर फिकट किंवा लालसर, बधिर चट्टा दिसला तर सरकारी दवाखान्यात दाखवावे. हा आजार आनुवंशिक नाही, जंतूंमुळे होतो आणि मोफत औषधाने बरा होतो. आपल्याकडे उलटेच चालते. जो वारशाने येत नाही त्याला ‘खानदानी’ म्हणून लपवतात, आणि जो येतो त्याला ‘वय झाले’ म्हणतात.

थायरॉइड, मूत्रपिंडाचे विकार, दारू हीही कारणे आहेत. तंबाखू, गुटखा आणि मिशरी रक्तवाहिन्या खराब करतात, त्यामुळे बधिर पायाची जखम भरायला वेळ लागतो.

रिश्त्याच्या वेळी

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो.

आमच्या घरातल्या प्रकारात आई किंवा वडील यांपैकी एकाला आजार असेल तर प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी असते, मुलगा असो वा मुलगी. ‘सून आणली तिच्या बाजूने आले’ हा हिशेब इथे चालत नाही, ‘मुलीकडून आले’ हाही नाही. कधी कधी तर आई-वडील दोघांतही नसलेला दोष मुलात नव्याने तयार होतो. कुणाच्या गुन्ह्याची शिक्षा नाही, कुणाची नजर नाही.

दुसऱ्या काही प्रकारांत आई-वडील दोघेही धडधाकट असतात, पण दोघांकडे एकाच दोषाची एकेक प्रत असते. मग प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक. दोघांकडे एकच दोष असण्याचा संभव नात्यातल्या लग्नांत वाढतो, कारण चुलत-मामे-आते-मावस भावंडांत सरासरी आठवा हिस्सा जनुके सारखी असतात. ट्युनिशियातल्या अशा कुटुंबांच्या अभ्यासातूनच सीएमटीचा एक प्रकार ओळखला गेला. इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड येथे, जिथे पाकिस्तानी मूळ असलेल्या घरांत नात्यातली लग्ने बरीच होतात, जन्मजात दोषांचे प्रमाण एरवी शंभरात तीन असते ते अशा जोडप्यांच्या मुलांत सुमारे सहा आढळले. हा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. आकडा दोन्ही बाजूंनी वाचावा. धोका दुप्पट होतो हे खरे, आणि शंभरातली चौऱ्याण्णव मुले असा दोष नसलेली जन्मतात हेही खरे. हा केवळ आपल्याच समाजाचा विषय आहे असेही नाही. महाराष्ट्रात अनेक हिंदू समाजांत मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल आहे. शरीयतने नात्यातल्या लग्नाची मुभा दिली आहे, सक्ती केलेली नाही. पिढ्यान्‌पिढ्या तीच तीच घरे आपसात जोडली जात असतील आणि घरात असे दुखणे दिसत असेल, तर डॉक्टरांचा सल्ला घेऊन मग हो म्हणावे, एवढेच आमचे म्हणणे.

भाईजानची मुलगी बावीस वर्षांची आहे. तिच्यासाठी फुफीच्या नातवाचा रिश्ता लहानपणापासून बोलीत होता. फुफीला हाच आजार, भाईजानलाही हाच. दोन्ही मुलांत तो उतरला असेल तर त्यांच्या प्रत्येक अपत्याला दोन्हीकडून जादा प्रत मिळण्याची शक्यता चारात एक, आणि अशा मुलांत त्रास अधिक तीव्र असू शकतो. फुफीने हे सगळे ऐकून घेतले आणि स्वतःच म्हणाल्या, “दोन्ही मुले माझीच आहेत. आपण त्यांना वेगवेगळ्या घरी सुखात पाहू.” त्यांच्या डोळ्यांत पाणी होते, पण आवाजात किंतु नव्हता.

मग बाहेरचा रिश्ता आला. घरातल्या मोठ्या बायकांचे म्हणणे पडले की मुलगी तर चांगली चालते, कशाला सांगायचे? मुलगीच म्हणाली, “चाचीजान, निकाहनंतर रोज मोजे घालून पाय लपवायचे का? आधी सांगा. ज्यांना राहायचे ते राहतील.” भाईजान जाऊन सांगून आले. त्या घराने महिनाभर निरोप दिला नाही, मग ‘इस्तिखारा अनुकूल आला नाही’ असे कळवले. दुसऱ्या घराने मुलाला डॉक्टरांकडे पाठवले, त्याने तासभर प्रश्न विचारले. अजून काही ठरलेले नाही. मुलीने आपली तपासणी करायची की नाही हेही आम्ही तिच्यावर सोडले आहे. ती सज्ञान आहे, पाय तिचे आहेत.

रिश्त्याबद्दल विचारणाऱ्याला खरी हकीकत सांगणे ही गीबत नव्हे, असे उलेमा सांगतात. आम्हाला वाटते, घराण्याच्या दुखण्याची माहिती ही अमानत आहे. ती मुलांची असते. ती दाबून ठेवली तर रिश्ता कदाचित लवकर जमतो, पण मुलांना स्वतःच्या शरीराची खबर परक्या डॉक्टरांकडून, उशिरा मिळते.

रोजचे जगणे

सीएमटी मुळातून बरा करणारे औषध आजमितीस नाही. ‘क’ जीवनसत्त्वाकडून एकेकाळी मोठी आशा होती, पण अनेक देशांतल्या चाचण्यांत त्याचा फायदा दिसला नाही. म्हणून ‘मुळापासून बरे करू’ म्हणून हजारो रुपये मागणाऱ्यांपासून सावध राहावे. जळजळ कमी करणारी औषधे आहेत, ती डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावीत. पाय मात्र जपता येतात, आणि त्यासाठी आपल्या घरांत एक सोय आधीच आहे.

वुजू. जो माणूस दिवसातून अनेक वेळा पाय धुतो, त्याला पाय पाहण्याची सवय वेगळी लावावी लागत नाही. फक्त नजर हवी. बोटांत खिलाल करताना भेग, फोड, काळसर डाग दिसतो का पाहावे. तळवा दिसत नसेल तर छोटा आरसा ठेवावा किंवा घरच्यांना दाखवावा. धुतल्यावर बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्या. ओल राहिली की बुरशी होते. थंडीत गीझरचे पाणी पायावर घेण्याआधी कोपराने अजमावावे, कारण पाऊल खोटे सांगू शकते. गरम पाण्याची पिशवी, विटेचा शेक, शेगडीजवळ पाय धरणे हे बधिर पायांना वर्ज्य. भोवरी ब्लेडने कापू नये.

मशिदीत जुम्याच्या दुपारी अंगणाची फरशी तापलेली असते. चप्पल फरशीच्या कडेपर्यंत घालून जावे, मोजे वापरावे. हजला किंवा उमराहला जाणाऱ्या मधुमेहींनी तर विशेष जपावे. तिथल्या तापलेल्या जमिनीवर अनवाणी चालून तळवे भाजलेल्या यात्रेकरूंच्या नोंदी डॉक्टरांनी केल्या आहेत, आणि त्यातल्या काहींना भाजल्याचे कळलेच नव्हते. उभे राहून तोल जात असेल तर खुर्चीवर नमाज अदा करण्याची सवलत आहे. अब्बांना सुरुवातीला जमातीत खुर्ची टाकायला संकोच वाटे. इमामसाहेबांनी स्वतः खुर्ची आणून सफेच्या टोकाला ठेवली, तेव्हापासून तो प्रश्न मिटला. मधुमेहींनी रमजानच्या महिनाभर आधी औषधांच्या वेळा डॉक्टरांकडून ठरवून घ्याव्या.

लोंबणाऱ्या पावलाला आधार देणारा प्लास्टिकचा पट्टा मिळतो, तो बुटाच्या आत बसतो. भाईजान तो लावून दोन वर्षे दुकानात उभे राहत आहेत आणि त्या काळात एकदाही पडलेले नाहीत. हवाई चपलेऐवजी मागून पट्टा असलेली सँडल, रात्री बाथरूमच्या वाटेवर छोटा दिवा, जिन्याला कठडा, आणि फिजिओथेरपिस्टने शिकवलेले टाच ताणण्याचे व्यायाम. खर्च फार नाही, नेम हवा. चालणे फारच अवघड झाले असेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली प्रमाणपत्र मिळू शकते. सरकारी रुग्णालयात चौकशी करावी. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

मधुमेह असणाऱ्याने वर्षातून एकदा डॉक्टरांकडून पायांची तपासणी करून घ्यावी. नायलॉनचा बारीक धागा तळव्याला टेकवून आणि कंप पावणारा चिमटा हाडावर ठेवून ते संवेदना पाहतात. पाच मिनिटांचे काम आहे. डॉक्टर विसरले तर आपण आठवण करून द्यावी.

आणि घरच्या घरी एक गोष्ट. वुजूनंतर कोरड्या फरशीवर उमटलेले ओले पाऊल पाहावे. बहुतेकांच्या पावलाचा ठसा टाचेपासून बोटांपर्यंत जोडलेला असतो. कमान फार उंच असेल तर टाच वेगळी आणि पुढचा भाग वेगळा उमटतो, मधे फरशी कोरडीच राहते. एवढ्यावरून आजार ठरत नाही. उंच कमान कित्येक निरोगी लोकांचीही असते. पण त्यासोबत टाचांवर चालता येत नसेल, पोटऱ्या बारीक होत असतील, वारंवार पाय मुरगळत असेल आणि घरात दुसऱ्या कुणाचे असेच असेल, तर मोजे काढून डॉक्टरांसमोर बसावे आणि सोबत घराण्याचे झाड कागदावर काढून न्यावे.

येत्या ईदला सगळे एकत्र जमाल तेव्हा दादी-नानींना, फुफी-खालांना विचारून ठेवा : कोण काठी घेऊन चालत असे, किती वयापासून, कुणाचे पाय जळत, कुणाची चप्पल निसटत असे. वडीलधाऱ्यांना जुन्या गोष्टी सांगायला आवडतेच. ते सांगतील तेव्हा नुसते ऐकू नका, वहीत लिहून घ्या. ज्यांना हे आठवते ती माणसे आज आपल्यात आहेत. अल्लाह त्यांना सलामत ठेवो आणि सर्व आजारी माणसांना शिफा देवो. आमीन.